लिंबावरची खाकी चड्डी

माझ्या लेकीची चड्डी त्यांनी मारुतीच्या देवळापुढच्या लिंबावर टांगली.

भर सकाळी. माझ्या देखत. चड्डी धुऊन मी कुंपणावर वाळत घातली होती. तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीतले वडीलधारे. गावात ज्यांच्या शब्दापुढं कुणी शब्द काढत नाही असे. त्यांनी हातातली काठी पुढं केली आणि चड्डी काठीच्या टोकावर उचलली. हात लावला नाही. मेलेला साप उचलतात तशी उचलली आणि तशीच पुढं धरून गल्लीनं चालायला लागले. मी डोक्यावरचा पदर सावरत मागून "तात्या, अवो तात्या" करत पळाले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

देवळापुढं लिंबाला पार बांधलेला आहे. पारावर गावातली माणसं तंबाखू मळत बसली होती. तात्यांनी चड्डी खालच्या फांदीला अडकवली, दोन पावलं मागं सरले, नीट बसलीय का बघितलं.

"बगा रं," म्हणाले. "आमच्या खानदानाचा झेंडा. पोरीनं लावलाय."

माणसं हसली. एक जण तर ठसका लागेपर्यंत हसला. मग तात्या माझ्याकडं न बघता लिंबाकडं बघत बोलले, "हिच्या नवऱ्याला येऊ द्या. तवर ह्ये हितंच ऱ्हाईल. त्यानं येऊन सांगायचं, ह्ये काय हाय."

मी परत फिरले. कान जळत होते. पण खरं सांगते, त्या सकाळी मला भीती वाटली नाही. मनात म्हटलं, येऊच द्या. माझा माणूस आला की तुमची तोंडं बघण्यासारखी होतील. इतका विश्वास होता मला. बाई इतका विश्वास ठेवते तेव्हा तिला कुणीतरी हलवून जागं करायला पाहिजे. मला कुणी केलं नाही.

आता ती चड्डी काय होती ते सांगते.

माझी थोरली बहीण, आक्का. तिला पारनेरच्या पलीकडं एका गावात दिली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोच निरोप आला, आक्का विहिरीत पडली. आम्ही पोचलो तेव्हा तिला बाजेवर ठेवलं होतं. केसांतून पाणी गळत होतं. तिची सासू छाती बडवून घेत होती आणि मधूनच चुलीवरच्या दुधाकडं लक्ष ठेवून होती. आक्काच्या मनगटावर वळ होते. मी पाहिले. आईनं पाहिले. बापानं पाहिले.

"पाय घसरला," सासरा म्हणाला.

"पाय घसरला," पोलीस पाटील म्हणाला.

"पाय घसरला, नशीब तिचं," माझा बाप म्हणाला. आणि तेराव्याला त्याच घरी पानावर बसून जेवून आला.

मी तेव्हा परकरातली पोर. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. आक्काला वर काढायला गावातली पोरं उतरली होती. मिसरूड न फुटलेली पोरं. धडाधड उड्या टाकल्या, बुडी मारली, काढलं वर. त्याच विहिरीत ती पोरं उन्हाळाभर डुंबायची. आमच्याकडं मुलगा जरा मोठा झाला की बाप त्याच्या कमरेला दोर बांधतो आणि देतो विहिरीत ढकलून. हातपाय मारत शिकतो तो. मुलीला कुणी तसं ढकलत नाही. तिला ढकलतात ते पुढं, सासरी. अख्ख्या गावात पोहता येणारी एक बाई नव्हती, आणि विहिरीत मरणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. हे कुणाला दिसत कसं नाही, असं मला वाटायचं. दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं.

लग्न झाल्यावर मी हे सगळं शकूच्या दादांना सांगितलं. दादा म्हणजे माझे यजमान. शकू पुढं त्यांना दादा म्हणायला लागली, मग मीही शकूचे दादा म्हणायला लागले. ऐकता ऐकता ते रडले. पुरुष रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. म्हणाले, "आपल्याला पोरगी झाली तर मी तिला पवायला शिकवीन. तिचा पाय कुनाला घसरवता यायचा न्हाई."

त्या दिवशी मी त्यांची झाले. लग्न आधीच झालं होतं, पण झाले त्या दिवशी.

शकू झाली. तिच्या पाठीवर मूल राहिलं नाही. भावकी म्हणाली, दुसरी कर. त्यांनी केली नाही. हे त्यांचं चांगलं मी लपवणार नाही. ते तेव्हा नगरजवळ नागापूरला एका कारखान्यात कामाला लागले होते. तिकडं कामगारांचे अभ्यासवर्ग चालायचे. सुट्टीला गावी आले की नवे शब्द घेऊन यायचे. समता. शोषण. बाई ही गुलामांची गुलाम. मी भाकरी थापत ऐकायची. आमच्या घरात शकू बापाच्या शेजारी ताटावर बसायची, मागून नाही. दुधाची साय निघाली तर तिला. ती "का?" म्हणाली तर तिला उत्तर मिळायचं, चापट नाही. "डोकं खाली घालून चालू नकोस," असं मी तिला सांगायची, "ठेच लागंल तेवढंच बघ, बाकी वर बघून चाल." बायका म्हणायच्या, पोरीला डोक्यावर बसवलंय. मी म्हणायची, बसू दे, माझं डोकं आहे.

आणि ते तिला पोहायला शिकवायला लागले. आमच्या मळ्यातली विहीर निम्मी आमची, निम्मी तात्यांची. सकाळी उजाडता उजाडता आम्ही तिघं जायचो, माणसं मळ्यात यायच्या आत. शकूच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधायचा, म्हणजे ती बुडत नाही. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक विहिरीच्या काठावर त्यांच्या हातात. शकू पायरीवर थरथरत उभी राहायची आणि ते वरून ओरडायचे, "घाबरू नको शके, दोर माज्या हातात हाय!"

ती उडी मारायची. नाकातोंडात पाणी जायचं, खोकायची, रडायची, परत वर येऊन उडी मारायची. पुढं बिंडा सुटला. मग दोर सुटला. मग ती मासोळीसारखी झाली. मी काठावर बसून आक्काला म्हणायची, बघ.

परकर पाण्यात पायात गुंतायचा. म्हणून त्यांनी कारखान्यातली जुनी खाकी पँट आणली. तिच्यावर वेल्डिंगची ठिणगी पडून भोक पडलेलं होतं. "ही काप अन् पोरीला चड्डी शिव," म्हणाले. मी कापली, शिवली. भोक बरोबर मांडीवर येत होतं, ते काळ्या दोऱ्यानं रफू केलं, खाकी दोरा घरात नव्हता. ती ही चड्डी.

एकदा ते आम्हा दोघींना नगरला सभेला घेऊन गेले. मांडव होता, कर्णा होता, समोर सतरंज्या. आम्हाला पुढं बसवलं. मग माझे यजमान बोलायला उभे राहिले. तिथं ते आमच्यासारखं बोलत नाहीत, पुस्तकातलं बोलतात.

"दोस्तांनो," म्हणाले, "क्रांती घरापासून सुरू होते. मी माझ्या मुलीला स्वतः विहिरीवर नेऊन पोहायला शिकवलंय. ही बघा, ही बसलीय."

शकू उभी राहिली. टाळ्या पडल्या. केवढ्या टाळ्या! शेजारची एक शिकलेली बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही नशीबवान आहात." मलाही तसंच वाटलं. येताना एस.टी.त शकू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि मी त्या दोघांकडं बघत बसले होते. डोळे भरून बघितलं. आता वाटतं, डोळे उघडून बघायला पाहिजे होतं.

हा सगळा काळ मोठ्या दुष्काळाच्या थोडा आधीचा. विहिरींना अजून पाणी होतं.

दिवाळी होऊन गेली होती, शाळेला सुट्टी होती. मी आणि शकू गावातल्या पिण्याच्या विहिरीवर पाण्याला गेलो. तिथून पुढं मळ्यात जायचं होतं, म्हणून शकूनं परकराच्या आत चड्डी घातलेली होती. विहिरीवर बायकांचा घोळका. तात्यांची नवी सून मधे उभी राहून रडत होती. तिची घागर सुटून तळाला गेली होती. तांब्याची, सासरची. माणसं पारनेरच्या बाजाराला गेलेली. घागर काढायचा गळ ज्याच्या घरी असतो तोही बाजारात. बायका म्हणत होत्या, थांब, संध्याकाळी माणसं आली की काढतील. पण ती थांबेना. "मामंजी मला काय करतील," म्हणायची आणि वाकून वाकून पाण्यात बघायची.

ते बघणं मला चांगलं नाही वाटलं. घागर शोधणारं बघणं नव्हतं ते.

शकूला काय समजलं कोण जाणे. ती म्हणाली, "काकी, रडू नका. मी काढते." परकर सोडून माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं बघितलं. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणू शकत होते, गप बस, चल घरी.

मी म्हणाले, "जा."

शकू पायऱ्या उतरली आणि सूर मारला. पाणी मिटलं. बायकांनी श्वास धरले. ती वर आली, हात मोकळे. दम घेतला, परत गेली. ह्या वेळी लई वेळ लागला. मग आधी घागरीचं तोंड वर आलं आणि मागून शकूचं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं पदरानं तिचं डोकं पुसलं. नव्या सुनेनं तिला पोटाशी धरलं. माझी छाती फुगून आली होती, खोटं कशाला बोलू.

त्या टाळ्या संध्याकाळपर्यंत सुकल्या. माणसं बाजारातून आली आणि पाणी बाटलं असा बोभाटा झाला. पोरगी वयात आलेली असंल, तिनं पिण्याच्या पाण्यात अंग बुडवलं. गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला, घागर चिंचेनं आणि राखेनं घासली. पुरुष उतरतो तेव्हा पाण्याला काही होत नाही. बाटलं, हा शब्द आमच्या गावात वेशीबाहेरच्या वस्तीसाठी ठेवलेला होता. तिथल्या बायका विहिरीपासून लांब, रिकाम्या घागरी घेऊन, कुणी वरून पाणी वाढील म्हणून उन्हात उभ्या राहायच्या. तो शब्द त्या दिवशी माझ्या दारात आला, तेव्हा मला कळलं तो केवढा जड आहे. त्यांनी तो पिढ्यान् पिढ्या उचलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या काठी घेऊन आले. ते सुरुवातीला सांगितलंच.

मग वाट बघणं सुरू झालं. शकूच्या दादांच्या सुट्टीला अवकाश होता. चड्डी लिंबावर हलायची. येणारा-जाणारा वर बघायचा. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या बायका विहिरीवर मला बघून तोंड फिरवायच्या. मला वाटलं असतं तर मी चड्डी ओढून घेऊन आले असते, फांदी काही उंच नव्हती. पण मला ती त्यांच्या हातानं खाली यायला हवी होती. शिकवणारे ते, कापड देणारे ते. सगळ्या गावाच्या देखत त्यांनी काढावी आणि लेकीच्या हातात द्यावी, हे चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं.

शकू देवळाकडं जायची बंद झाली. पण घाबरली नव्हती. "आई, दादा आले की तात्याआजोबांना सांगतील ना?"

"सांगतील की."

"नगरला सांगितलं तसं?"

"तसंच."

ते आले. एस.टी. देवळाजवळच थांबते, म्हणजे उतरताच त्यांना चड्डी दिसली असणार. घरी आले, पिशवी ठेवली, पाणी प्याले. मी सगळं सांगितलं. शकू मधे मधे सांगत होती, घागर किती खोल होती, कशी धरली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. "बगू," म्हणाले. मला वाटलं, शांत डोक्यानं विचार करतायत. शिकलेला माणूस तसाच करतो.

दिवस कलताना पारावर बोलावणं आलं. पारावर पुरुष. खाली, बाजूला, डोक्यावरून पदर घेऊन बायका. मी शकूचा हात धरून बायकांत उभी राहिले. ते वर गेले, तात्यांच्या पुढं उभे राहिले.

आधी तात्या माझ्याकडं वळले. "पोरगी न्हाती झाली का?"

एवढ्या पुरुषांत. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीबद्दल. शकूनं माझा हात घट्ट धरला. मी शकूच्या दादांकडं बघितलं, की आता बोलतील. ते पारावरचा दगड बघत होते. मग मी मान हलवून नाही म्हणाले. कुणीतरी म्हणालं, "ही तर म्हननारच." परत हसणं.

तात्यांनी काठीनं चड्डी दाखवली. "हे कापड वळखू येतंय का रं तुला?"

त्यांनी वर बघितलं. अंगावर तसलीच खाकी पँट होती.

"मला ठाव न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पोरीला पवायला कुनी शिकवलं?"

माझे यजमान म्हणाले, "हिचंच खूळ हाय, तात्या. हिची भन हिरीत गेल्ती, तवापासनं हिच्या डोक्यात बसलंय. मी नगरला असतो. मागं घरात काय चालतं, मला काय म्हाईत?"

आक्का. त्यांनी आक्का पुढं केली. मी अंधारात त्यांच्यापाशी उघडी केलेली जखम त्यांनी पारावर मांडली, स्वतःची मान सोडवायला. माझ्या बापानं तिला एकदा विकलं होतं. माझ्या नवऱ्यानं दुसऱ्यांदा.

शकू ओरडली, "दादा, दोर तर तुमीच धरायचा!"

"गप!" त्यांनी हात उगारला. मारलं नाही. हात तसाच वर राहिला आणि खाली आला. मारलं असतं तर निदान राग तरी खरा होता म्हटलं असतं.

तात्यांनी निकाल दिला. पोरीनं मारुतीपुढं नाक घासायचं. शाळा बंद. पुढच्या लगीनसराईत उजवून टाकायची, आणखी शोभा व्हायच्या आत.

"व्हय, तात्या," ते म्हणाले.

इथवर मी त्यांना 'ते' म्हणत आले. आता ह्यापुढं तो म्हणणार आहे.

शकूचा हात माझ्या हातात होता, तो ढिला पडला. मी खाली बघितलं. ती रडत नव्हती. तिनं मान खाली घातली होती. वर बघून चाल म्हणून मी जिला वाढवलं ती माझी लेक जमिनीकडं बघत होती, आणि कुणीतरी तिला पाठीमागून देवळाकडं ढकलत होतं. एक म्हातारी म्हणत होती, "घास बाय, एकदा घास अन् मोकळी हो."

काय झालं मला सांगता येणार नाही. मी पारावर चढले. त्या पारावर बाई कधी चढली नव्हती. मी चढेपर्यंत कुणाला ते खरं वाटलं नाही, म्हणून कुणी अडवलं नाही. पदर खांद्यावर आला होता, तो मी वर घेतला नाही. हात वर केला आणि चड्डी काढली. ऊन खाऊन ती कडक झाली होती. रफू केलेली जागा मी त्याच्या पुढं धरली. तो मागं सरला.

मी तात्यांना म्हणाले, "कापड ह्याचं. शिवन माजी. पवनं पोरीचं. आन् घागर तुमच्या घरातली. आता नाक कुनी कुनी घासायचं, ते ठरवा."

एवढंच बोलले. मला भाषण येत नाही. ते येणारा माझ्या शेजारी उभा होता.

तात्या उठले. "ए, खाली हो! बाईमानूस पारावर?"

"हुते की. माजी पोरगी घेऊन हुते."

उतरले, शकूचं मनगट धरलं आणि चालायला लागले. मागून शिव्या आल्या. आमच्याकडं बाईला देतात त्या सगळ्या शिव्या. मी चालत राहिले. नाक घासलं गेलं नाही.

घरी तो मागोमाग आला. दार लावलं आणि आवाज खाली घेतला. माझ्याशी तो परत नगरच्या सभेतल्यासारखं समजावून बोलायला लागला.

"तू समजून घे. तितं तसंच बोलावं लागतं. हिरीत निम्मा वाटा तात्यांचा हाय. पान्याची पाळी तोडली तर आपला कांदा जळंल. लोकांचं मन हळूहळू बदलावं लागतं."

मी चुलीपुढं बसले होते. विचारलं, "नगरला टाळ्या घेतल्या, तवा कांदा कुटं हुता?"

तो म्हणाला, "तू लई टोचून बोलतीस."

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते खोटं नाही. पण म्हणीत एक गोष्ट राहून गेलीय. कोरडा पाषाण आपला निवांत कोरडा राहतो. भिजतात त्या त्याच्यावर विसंबून पाण्यात उतरलेल्या. तात्यांचा मला राग आला, पण त्यांनी मला फसवलं नाही. काठी दाखवली, काठीच मारली. ह्यानं दोर दाखवला होता. तात्या वैरी होते आणि हा माझा होता, एवढाच फरक. आणि तोच मला आजवर गिळता आलेला नाही.

सकाळी मी शकूला उठवलं. म्हटलं, चल मळ्यात.

"मी नाय पवणार आता," ती म्हणाली. भिंतीकडं तोंड करून. "कदीच नाय."

तेव्हा मला खरी भीती वाटली. लिंबाखाली नाही वाटली, पारावर नाही वाटली, ती आता वाटली. त्यांना शाळा बंद करायची होती, लग्न लावायचं होतं. ते सगळं मी अडवलं असतं. पण हे आतलं जर विझलं तर माझ्या हातात काय राहणार होतं? आक्काचंही आधी हेच विझलं असणार. पाय नंतर घसरला.

मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "तू नको पवू. मला शिकव."

तिनं तोंड वळवलं. "तुला?"

"मला. मला कुटं येतंय?"

खरंच येत नव्हतं. इतकी वर्षं मी काठावर बसून बघत होते. लेकीला पोहता यावं म्हणून जीव टाकत होते, आणि स्वतःला यावं हे मनातसुद्धा आलं नव्हतं. कुणीतरी धरील, कुणीतरी शिकवील, कुणीतरी बोलील, असं माझं चाललं होतं. बाईला असंच वाढवतात आणि मीही तशीच वाढले होते.

ह्या वेळी आम्ही उजाडता गेलो नाही. सूर्य वर आल्यावर, सगळे मळ्यात असताना गेलो. तात्या बांधावर उभे होते, त्यांची माणसं वाफ्यांना पाणी देत होती. मी नऊवारीचा काचा घट्ट मारला, खोचा आवळला. शकूनं पांगाऱ्याचा बिंडा माझ्या पाठीला बांधला. तिला तो कसा बांधतात ते नीट ठाऊक होतं. गाठ ओढून बघितली, परत ओढून बघितली.

"काय चाललंय हे?" तात्यांचा आवाज आला.

"पवाया शिकतीया," मी म्हणाले.

माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. पाटाचं पाणी वाफ्याबाहेर वाहत होतं तरी कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

तो धावत आला. शकूचा बाप. मला आधी वाटलं ओढून न्यायला आलाय. तो काठावर थांबला, तात्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खाली पडलेल्या दोराला हात घातला आणि हळूच, तात्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दोर दे. मी धरतो."

त्या आवाजात प्रेम होतं. ते पण सांगते. तात्यांना ऐकू जाणार नाही एवढंच प्रेम होतं.

मी दोर त्याच्या हातातून काढून घेतला.

"तुजा दोर नको. लोकं बगाया लागली की तू सोडतूस."

दोराचं टोक मी शकूच्या हातात दिलं. तिनं ते मनगटाला दोन वेढे देऊन धरलं, पाय रोवले आणि किती तरी दिवसांनी मान वर केली.

पुढं तात्यांनी पाण्याची पाळी तोडली. कांदा जळाला. जळू दे. शकू शाळेत जात राहिली आणि मी तिला न्यायला-आणायला लिंबाखालून गेले. बाजूच्या वाटेनं नाही.

पण त्या सकाळी ह्यातलं काहीच झालेलं नव्हतं. मी पायऱ्या उतरत होते. पाणी काळं दिसत होतं. शेवटच्या पायरीवर उभी राहून मी ठरवलं. ह्या घरात ह्यापुढं कुणाचा पाय घसरणार नाही. आणि कुणी घसरला म्हणालंच, तर ते ऐकून घेणारी, मान हलवणारी, तेराव्याला जेवून येणारी मी असणार नाही. पुरुष समतेचं बोलायला लागला की मी टाळी वाजवणार नाही. आधी विचारीन, गावात बोलशील का? तात्यांपुढं बोलशील का?

वरून शकू ओरडली, "आई, उडी मार!"

घाबरू नको, असं ती म्हणाली नाही. तिला माहीत होतं मी घाबरलेय. मी तशीच, घाबरलेली, उडी मारली.